बैरवा मॅडमच्या बांगड्या

मला टीबी झाला होता. हे वाक्य मी आता भाजीवाल्यालाही सांगू शकते, पण दोन वर्षांपूर्वी नवऱ्याशी बोलतानासुद्धा माझा आवाज आपोआप खाली जायचा. ज्यांना हे नुकतंच कळलंय आणि जे घराच्या खिडक्या लावून आत बसलेत, त्यांच्यासाठी मी लिहितेय. औषधांची नावं सांगणार नाही. ती तुमचे डॉक्टर सांगतील, आणि माझी तुम्हाला लागू पडतीलच असं नाही. मी सांगणार आहे ती माझी एक चूक, जी मी मोठ्या शहाणपणाच्या भरात केली, आणि ती पकडणाऱ्या बाईंबद्दल.

मी प्रज्ञा. लोको पायलट आहे, म्हणजे रेल्वेचं इंजिन चालवते. मालगाडीचं. नोकरी जयपूरला, माहेर बडनेऱ्याचं, आणि माझी माय बडनेरा स्टेशनावर झाडू मारायची. प्लॅटफॉर्म झाडता झाडता ती मला इंजिन दाखवायची आणि म्हणायची, "तिथं बस, मंग मी इथलं झाडणं सोडतो." मी बसले आणि मायनं खरंच झाडू ठेवला. आमच्या घराण्याची सगळी इस्टेट म्हणाल तर ती इंजिनाची खुर्ची. ती जाण्याची वेळ आली होती, म्हणून पुढचं सगळं घडलं.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनात दोघं असतात, पायलट आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं हात उचलून त्याचा रंग मोठ्यानं पुकारायचा, दुसऱ्यानं बघून तोच परत पुकारायचा. "डिस्टंट डबल यलो." "डिस्टंट डबल यलो." म्हणजे स्टेशनाआधीच्या सिग्नलला दोन पिवळे दिवे. बाहेरच्या माणसाला वेड्यासारखं वाटेल, पण त्या पुकाऱ्यावर हजारो टन लोखंड उभं राहतं किंवा पळतं. यातली खरी मेख अशी की, दुसऱ्यानं खरंच बघून बोलायचं असतं. थकलेला असिस्टंट कधीकधी नुसता ऐकून बोलतो. असल्यांना मी इंजिनात फाडून खायची. लक्षात ठेवा हे.

बेसिन

खोकला दोन महिने होता. जयपूरची धूळ, शेडमधला धूर, एसी, सगळ्यांना दोष देऊन झाला. वजन उतरलं तर खूशच झाले. नवरा मिलिंद रेल्वेतच टेक्निशियन आहे, तो रोज म्हणायचा दाखव, दाखव. मी नाकावर माशी बसू देत नाही, त्याचं काय ऐकणार? मग एका सकाळी ड्युटी संपवून तोंड धुताना बेसिनमध्ये लाल दिसलं. तो लाल रंग मात्र मला अगदी स्वच्छ दिसला होता, हे नंतर पुष्कळदा आठवलं.

जयपूरच्या आमच्या रेल्वे हॉस्पिटलात एक्स-रे झाला, छातीत सुई घालून पाणी काढलं आणि मला छातीच्या वॉर्डात डॉ. सुगना बैरवांसमोर बसवलं. वय पन्नाशीच्या पुढे, ठेंगण्या, केसांना चपचपीत तेल, पायात कापडी बूट. त्यांनी एक्स-रे खिडकीला लावून पाहिला, मग तीच खिडकी उघडली. "टीबी है. ठीक हो जाएगी." एवढंच.

बाकीचे लोक म्हणे विचारतात, मी जगेन ना? मी विचारलं, गाडी चालवता येईल ना? मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी केसपेपरवर माझ्या नावाच्या वर काहीतरी लिहिलं. नंतर मी चोरून वाचलं. 'लोको' असं लिहिलं होतं. त्या दिवसापासून मला त्यांनी प्रज्ञा म्हणून कधी हाक मारली नाही.

मिलिंदनं क्वार्टरमध्ये सगळ्यांना न्यूमोनिया सांगितला. मीच सांगायला लावलं होतं म्हणा. आर्या, माझी आठवीतली पोर, ती तर अजून दोन पावलं पुढे. "मम्मी, मतलब, मी स्कूलमध्ये व्हायरल सांगू?" म्हटलं, सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग बडनेऱ्याहून माय आली. आल्या दिवशी नळावर पाणी भरताना तिनं अख्ख्या कॉलनीला तिच्या हिंदीत सांगून टाकलं, की लेकीला टीबी झालाय, बरी होतेय, घाबरायसारखं काही नाही. मी ऐकलं तेव्हा मला वाटलं उठून तिचा गळा धरावा. दोन घरांनी बोलणं बंद केलं, हे खरं. पण समोरच्या यादवबाईंनी दिवसाआड उकडलेली अंडी पाठवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या सासूलाही हेच झालं होतं हे आम्हाला बारा वर्षांच्या शेजारानंतर कळलं. मूठ त्यांचीही झाकलेलीच होती.

वॉर्ड

मी वॉर्डात पाच आठवडे होते. औषधांनी आधी कावीळ केली, म्हणून औषधं बंद केली, मग एकेक करून परत सुरू केली. उलट्या इतक्या की ताटाचा आवाज आला तरी पोटात ढवळायचं. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते: पहिला महिना वाईट असतो. तुम्ही आजारापेक्षा औषधाला शिव्या द्याल. द्या, पण गिळा.

बैरवा मॅडम सकाळी आठच्या आत यायच्या. आल्या की पहिलं काम खिडक्या. जानेवारीतसुद्धा. वॉर्डातल्या बायका कुडकुडत कुरकुरायच्या, पण त्या म्हणायच्या की हवा ही एकच दवा सरकार फुकट देतं, ती तरी पोटभर घ्या. माझ्या शेजारच्या पलंगावर संतराबाई होती, फाटकावरच्या गेटमनची विधवा, तोंडानं फाटकी पण मनानं लोणी. ती मॅडमना 'जीजी' म्हणायची आणि त्या जयपूरजवळच्या कानोत्याच्या बाजूच्या कुठल्या गावच्या, बाप विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात हमाली करायचा, त्यांच्या समाजातल्या त्या गावातून शिकलेल्या पहिल्या डॉक्टर, असं सगळं पुराण मला तिनंच सांगितलं. सांगताना तिची मान अशी ताठ व्हायची, की जणू तिनंच त्यांना शिकवलंय. हमालाची पोर! मी मनात मॅडमना म्हटलं, बाई, तू आमच्यातलीच आहेस.

दुपारी मॅडम जेवायला स्वतःच्या खोलीत जायच्या नाहीत. ज्यांची थुंकी तपासणीत साफ आली असेल त्या बायकांसोबत व्हरांड्यातल्या बाकावर बसायच्या. बाजरीची भाकरी आणि लसणाची लाल चटणी. ज्या दिवशी माझा रिपोर्ट साफ आला, त्या दिवशी त्यांनी बाकावर सरकून जागा केली आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. माझ्या घरी तेव्हा माझं ताट वेगळं होतं. मीच वेगळं करून घेतलं होतं. मी ती भाकरी खाताना रडले आणि चटणी तिखट आहे असं सांगितलं. आमची माय त्या दिवशी डबा घेऊन आली होती, तिनं ते पाहिलं आणि घरी जाऊन माझं वेगळं ताट बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं.

पुकारा

आता थोडी माझी फुशारकी ऐका, कारण पुढे ती उतरणारच आहे.

सकाळी सिस्टर गोळ्यांची वाटी द्यायची. मला सवय अशी जडलेली, की मी प्रत्येक गोळी उचलून, हात वर करून पुकारायची. "लाल कॅप्सूल एक." मग तोंडात. "मोठी पांढरी दोन." मग तोंडात. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा राउंडच्या वेळी मॅडमनी पाहिलं आणि विचारलं, हे काय? मी इंजिनातला पुकारा समजावून सांगितला. त्यांनी वाटी हातात घेऊन पाहिली. मग सिस्टरला म्हणाल्या, उद्यापासून तू पुकारायचं, मरीज बघून परत पुकारेल, मगच गोळी तोंडात जाईल. सगळा वॉर्ड.

चौथ्याच दिवशी संतराबाईनं पुकारायला म्हणून वाटीत बघितलं आणि म्हणाली, ही पिवळी माझी नाही. खरंच नव्हती. पलीकडच्या पलंगाची होती. त्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "तूने मेरे वॉर्ड को एक चीज सिखाई, लोको." एखाद्या डॉक्टरनं मला असं म्हणावं! मी मिलिंदला सांगितलं, मायला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं असतं. घरी सोडलं तेव्हा माझी छाती एक्स-रेत दिसत होती त्याच्या दुप्पट झाली होती.

घरी सोडताना मॅडमनी मला समोर बसवून एक गोष्ट तीन वेळा सांगितली. यातल्या एका गोळीनं क्वचित कुणाचे डोळे बिघडतात. लाल आणि हिरवा फिके पडतात. तसं काही वाटलं तर त्याच दिवशी यायचं, कारण वेळेवर गोळी थांबवली तर बहुधा रंग परत येतात, उशीर केला तर नाही. "समझी?" मी म्हटलं, समजलं. पाठ झालं होतं मला. परत पुकारून दाखवलं.

टमाटे

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी माय टमाटे चिरत होती. मी म्हटलं, इतके कच्चे कशाला आणलेस? ती माझ्याकडे बघतच राहिली. "कच्चे? लालबुंद हायेत पोरी."

मी म्हटलं, हो गं, अंधार आहे इथं.

अंधार नव्हता. मी बाहेर आले आणि आर्याच्या शाळेची लाल टाय बघितली. विटकरी. तारेवरची मिलिंदची हिरवी लुंगी बघितली. तीही तशीच काहीतरी. गोपालपुऱ्याच्या बाजूला आर्याला क्लासला सोडायला गेले तेव्हा चौकातल्या सिग्नलकडे बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. वरचा पेटलाय की खालचा, यावरून मला कळलं. रंगावरून नाही.

आता शहाण्या माणसानं काय करावं? मॅडमनी तीन वेळा सांगितलेलं करावं. मी काय केलं? मी हिशेब केला, की गोळ्या तर अजून तीनच महिने आहेत, तोवर मी रजेवरच आहे. कोर्स संपला की रंग आपोआप येतील. कागदावर 'रंग दिसत नाही' एकदा लिहिलं गेलं, की मेडिकलमध्ये नापास, मग इंजिनातून खाली उतरवून कुठल्यातरी ऑफिसात टेबलामागे बसवतील. तिथे मी शिक्के मारत बसेन आणि माय बडनेऱ्यात जाऊन लोकांना काय सांगेल? बारा दिवस मी गोळी पुकारून, गिळून, गप्प राहिले. मिलिंदलाही सांगितलं नाही. पुन्हा झाकली मूठ.

आणि तपासणीची मला भीती नव्हती. का, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. रेल्वेत रंग तपासायला एक ठिपक्यांचं पुस्तक असतं. रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. नोकरीला लागल्यापासून मेडिकलला तेच पुस्तक, तीच पानं, त्याच क्रमानं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते पाढ्यासारखं येतं. मलाही येत होतं. मॅडमकडेही तेच पुस्तक होतं.

दोन पानं

तेराव्या दिवशी तपासणीची तारीख होती. मॅडमनी पुस्तक उघडलं. मी घडाघडा बोलत गेले. पहिलं पान, दुसरं, तिसरं. पानावर मला नुसते मातकट ठिपके दिसत होते. सातव्या-आठव्या पानाला मॅडम थांबल्या. परत मागे गेल्या. परत पान उलटलं. मी आकडा सांगितला.

त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं आणि अंगठ्याखाली धरलेलं पान सोडलं. त्यांनी दोन पानं एकदम उलटली होती. मी सांगितलेला आकडा त्या न दिसलेल्या पानावरचा होता.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी टेबलाचा खण उघडून एक कागदी पुडा काढला. जुन्या बाजारातून त्यांनी भाचीच्या लग्नासाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या होत्या. लाल, हिरव्या आणि मधूनच मरून, तपकिरी अशा बारा बांगड्या टेबलावर पसरल्या आणि म्हणाल्या, आधी लाल वेगळ्या कर, हिरव्या वेगळ्या कर.

मी हात पुढे केला. एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. सगळ्या एकाच सुक्या पानाच्या रंगाच्या होत्या. अंदाजानं दोन ढीग केले आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बरोबर आहे का ते वाचायला. तेव्हा त्या बोलल्या. आवाज अगदी खाली होता.

"इंजन में भी ऐसे ही बोलती है क्या, लोको? बिना देखे?"

त्यांनी मला थोबाडीत मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीत मी बघितल्याशिवाय एक सिग्नल पुकारला नव्हता. असिस्टंटांना मी त्यावरून रडवलं होतं. आणि माझ्याच जिवाचा सिग्नल आला तेव्हा पाठांतर म्हणून दाखवत होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी रडू दिलं, तोवर केसपेपरवर ती गोळी खोडली. मग माझा हात धरून, बाहेर बसलेले मरीज तसेच सोडून, मला डोळ्यांच्या विभागात स्वतः चालत घेऊन गेल्या.

तिथून परत येताना मी विचारलं, रंग परत येतील? त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, माहीत नाही. बारा दिवस तू खाल्लेस. आणखी महिनाभर अशीच बोलत राहिली असतीस, तर मी आत्ताच नाही म्हणून सांगितलं असतं. मग बांगड्यांचा पुडा माझ्या पिशवीत टाकला. रोज सकाळी उजेडात वेगळ्या करायच्या, घरच्या कुणीतरी तपासायच्या. "जिस दिन मेडिकल में पास होगी, उस दिन लौटाना." भाचीच्या लग्नाचं काय, असं मी विचारलं. म्हणाल्या, जयपुरात बांगड्यांची कमी आहे का?

घरात

मिलिंद दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मला सांगितलं नाहीस, मला? मी म्हटलं, तूच न्यूमोनिया सांगत फिरत होतास, आता मला शिकवतोस? असं बरंच झालं. माय पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवून एवढंच म्हटलं, "दोघंबी सारखेच. एक झाकते, दुसरा झाकण आणून देते." त्यावर आम्हाला दोघांनाही हसू आलं. नंतर रडूही आलं, पण एकत्र.

चार दिवस मी मॅडमवर मनातून खार खाऊन होते. माणूस ज्याच्यापुढे उघडा पडतो त्याचा त्याला आधी रागच येतो. पाचव्या दिवशी बांगड्या काढल्या.

आर्या रोज शाळेत जायच्या आधी त्या खाटेवर पसरायची. मी वेगळ्या करायची, ती मोजायची. "मम्मी, पाच गलत." तिला खोटं बोलून मला खूश करता आलं असतं, पण तिनं एकदाही केलं नाही. पाच, पाच, सहा, पाच. अडीच महिने हेच. मधल्या काळात टीबीच्या गोळ्या संपल्या, छाती साफ झाली, पेढे वाटून झाले, पण मी पेढे वाटताना त्यांच्या डब्याचा रंग विचारत होते. मग एका सकाळी आर्या म्हणाली, तीन. आधी हिरवा आला. तारेवरची मिलिंदची लुंगी हिरवी दिसली तेव्हा मी ती काढून तोंडाला लावली. तो म्हणाला, अगं आता परत धुवावी लागेल. लाल मागाहून आला. मरून आणि तपकिरी सगळ्यात शेवटी, आणि तेही रोज नाही.

मी दर पंधरा दिवसांनी मॅडमना आकडा सांगायला जायची. शेवटच्या वेळी सांगितलं, एकच चूक. त्या कुणाचा तरी एक्स-रे बघत होत्या, तसंच न वळता म्हणाल्या, "देखकर बोल रही है ना?" मी म्हटलं, बघून.

कानोता

त्यानंतर आठ दिवसांनी मॅडम गेल्या. सकाळचा राउंड झाला, खिडक्या उघडून झाल्या, खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि उठल्या नाहीत. हृदय. दुसऱ्यांच्या छात्या बघत राहिल्या, स्वतःची कुणाला दाखवली नाही. मला त्यांचा फार राग आला. मला रागावलात आणि स्वतः काय केलंत, असं मी घरात मोठ्यानं बोलले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या गावी बैठक होती. इकडे 'तीये की बैठक' म्हणतात. मी आणि मिलिंद गेलो. कानोत्याच्या पुढे गाव, अरुंद गल्ली, आणि गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. नारिंगी जाकिटातले गँगमन, फाटकांवरचे गेटमन, टीटी, स्टेशन मास्तर, कँटीनवाले, सगळे खाली सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले. संतराबाई काठी टेकत आली होती. मी आयुष्यात मोठ्या साहेबांचे निरोप समारंभ पाहिलेत, हार-तुऱ्यांचे. असं काही पाहिलं नव्हतं. एका हमालाची पोर, आणि तिच्यासाठी अर्धी रेल्वे जमिनीवर बसलेली. डोळ्यांत पाणी होतं, पण खरं सांगू? सगळ्यात जास्त वाटत होता तो अभिमान. ती माझी डॉक्टर होती, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आत बायकांत मॅडमची आई बसली होती. खूप म्हातारी. मी बांगड्यांचा पुडा बरोबर नेला होता. आता ठेवून काय करू, असं वाटलं. तिच्या मांडीवर ठेवला आणि कोण ते सांगितलं. तिनं माझा हात चाचपला. "लोको? गोलियां बुलवाने वाली?" मॅडम घरी माझं सांगायच्या.

म्हातारीनं विचारलं, पास झालीस? मी म्हटलं, अजून नाही, पुढच्या महिन्यात आहे.

"तो अभी क्यों लाई?" असं म्हणून तिनं पुडा परत माझ्या हातात दिला.

पुस्तक

मेडिकलच्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर नवे होते, तरुण, घाईतले. मला ओळखत नव्हते. त्यांनी खणातून पुस्तक काढलं. तेच. तीच जीर्ण कड, तेच पान पहिलं.

मी खोटं सांगणार नाही, माझ्या पाचावर धारण बसली होती. आदल्या आठवड्यात बांगड्यांत कधी शून्य चूक, कधी एक. म्हणजे नापास होण्याची शक्यता होती. आणि समोर असं पुस्तक, जे मी डोळे मिटून पास होऊ शकत होते. कुणालाही कळलं नसतं. जिला कळलं असतं ती आता नव्हती. माय बाहेर बाकावर बसली होती, तिनं मुद्दाम नवं लुगडं नेसलं होतं.

डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं. मी म्हटलं, सर, हे पुस्तक मला पाठ आहे. माझी दुसऱ्या कशानं तरी तपासणी घ्या.

ते बघतच राहिले. म्हणाले, मॅडम, असं कुणी सांगत नाही. मी म्हटलं, मला बैरवा मॅडमनी शिकवलंय. त्यांनी पुस्तक मिटलं. दिव्याची तपासणी लावली. अंधाऱ्या खोलीत लांबवर बारीक दिवे लागतात, लाल, हिरवे, पिवळे, कधी झाकोळलेले, आणि क्रम कुणालाच माहीत नसतो. मी प्रत्येक दिव्याला हात उचलून पुकारलं. एका दिव्याला थांबले, तेव्हा ते म्हणाले, घाई नाही. मी पुन्हा पाहिलं. लाल होता.

बाहेर येऊन मायला सांगितलं, पास झाले. नव्या लुगड्याच्या पदरानं तिनं तो हॉस्पिटलातला बाक पुसला, उगाचच, जुनी सवय.

मी आता पुन्हा गाडी चालवते. आधी इन्स्पेक्टरसोबत काही फेऱ्या, मग माझी मी. छातीच्या वॉर्डात आजही सकाळी सिस्टर गोळी पुकारते आणि मरीज बघून परत पुकारतो. नव्या डॉक्टरांना वाटतं हा हॉस्पिटलचा जुना नियम आहे. मी त्यांना सांगितलं नाही. थोडी फुशारकी मलाही गिळता येते.

पण त्याआधी, पास झाले त्याच आठवड्यात, मी पुडा घेऊन पुन्हा त्या गावी गेले. दुपार होती. म्हातारी ओसरीवर खाटेवर बसली होती. मी पास झाल्याचं सांगितलं आणि बांगड्या तिच्यापुढे ठेवल्या. तिनं त्या खाटेवर ओतल्या, दोन्ही हातांनी कालवल्या आणि म्हणाली, "पहले मुझे बता."

मी वेगळ्या करायला लागले. अर्ध्यावर आले तेव्हा माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुधासारखे पांढरे. तिला लाल, हिरवं काही दिसत नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी तिला ते मानावं लागलं असतं.

शेवटची बांगडी मरून की तपकिरी, ते मला ओसरीच्या सावलीत नीट कळेना. मी उठले, ती घेऊन अंगणात उन्हात गेले, धरली, पाहिली, आणि परत येऊन सांगितलं. मरून.

"देखकर बोली?"

"हां, मांजी. देखकर."

"तो पास," ती म्हणाली, आणि बारा बांगड्या हातानं चाचपत एकेक करून पुड्यात भरू लागली.